वैशाखांतील रानफेरी : फुलपाखरें आणि चतुर

वैशाख महिन्यांत कोंकणांतील शेतकऱ्यास थोडीशी उसंत मिळते. काजूचा हंगाम सरत आलेला असतो, आंब्याचा मोठा भार उतरलेला असतो, तरव्याची जागा भाजून झालेली असते आणि पेरणीस अद्याप दोन-तीन आठवड्यांचा अवकाश असतो. हे दिवस लग्नकार्यांत व पाहुणचारांत जातात, तें योग्यच आहे. तथापि त्यांपैकीं दोन-चार सकाळी प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या गांवच्या रानांत काढाव्या, व त्या फुलपाखरें आणि चतुर पाहण्यांत काढाव्या, असें सुचविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. हा उद्योग लहान मुलांचा किंवा शहरांतील हौशी मंडळींचा आहे असा कित्येकांचा समज आहे. नोकरींत असेपर्यंत माझाही तसाच होता. परंतु ज्या प्राण्यांचा आपल्या भाताशीं, लिंबाशीं, तुरीशीं व पिण्याच्या पाण्याशीं रोजचा संबंध आहे, त्यांस ओळखणें हें जमीनधारकाचें काम आहे, अशी आतां माझी खात्री झाली आहे.

पुढील माहिती सावंतवाडी तालुक्यांत आंबोली घाटाच्या पायथ्याकडे जें रान आहे त्यास धरून लिहिली आहे. पायथ्याचें पारपोली हें गांव अलीकडे फुलपाखरांचें गांव म्हणून ओळखलें जाऊं लागलें आहे. वर आंबोलीस हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथील पाण्यांत एका लहान माशाची नवी जात सांपडल्याचें २०२० मध्यें प्रसिद्ध झालें, व २०२१ मध्यें सरकारनें तो परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. सह्याद्रीच्या रांगांत फुलपाखरांच्या ३३० हून अधिक व चतुर आणि टाचण्या मिळून सुमारें २०० जाती आहेत. त्या सर्व ओळखण्याचें कांहीं कारण नाहीं. वीस-पंचवीस ओळखतां आल्या म्हणजे शेतकऱ्याचें काम भागतें.

रानांत शिरून इकडे तिकडे पाहात हिंडल्यानें फारसें कांहीं दिसत नाहीं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत माझी अशीच निराशा झाली. मग एक गोष्ट ध्यानांत आली व तेव्हांपासून शोध सोपा झाला. फुलपाखरू झाडाशीं बांधलेलें असतें आणि चतुर पाण्याशीं बांधलेला असतो. फुलपाखराची मादी वाटेल त्या पानावर अंडीं घालीत नाहीं. तिच्या अळीस जें पान चालतें त्याच जातीचें झाड ती शोधून काढते व तेथेंच अंडें चिकटविते. पानें बदलून दिलीं तर बहुतेक अळ्या उपाशीं मरतात, पण तीं खात नाहींत. चतुराची मादी पाण्यांत किंवा पाण्यालगत अंडीं घालते, कारण तिच्या पिलांचें सगळें बाळपण पाण्यांत जावयाचें असतें. म्हणून पाखरांच्या मागें न धांवतां झाडें आणि पाणी शोधावें. तेथें थोडा वेळ स्वस्थ उभें राहिलें कीं पाखरें आपण होऊन दृष्टीस पडतात.

वेळ सकाळीं आठ ते अकराची धरावी. फुलपाखराचें अंग उन्हानें तापल्याखेरीज त्याला नीट उडतां येत नाहीं, म्हणून सकाळीं तीं पंख पसरून उन्हांत बसलेलीं आढळतात व त्या वेळीं जवळून पाहतां येतात. दाट सांवलीपेक्षां रानाची कड, पायवाटेवर पडलेला उन्हाचा कवडसा आणि पाणंदीचे दोन्ही कांठ अधिक फलदायी असतात. आपली सांवली पाखरावर पडूं देऊं नये. सांवली पडतांच तें उडतें. जाळें किंवा बरणी घेऊन जाऊं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कित्येक फुलपाखरांचीं नांवें आहेत, व त्यांस पकडणें किंवा मारणें हा गुन्हा ठरतो.

पहिला मुक्काम व्हाळाच्या ओल्या वाळूवर करावा. वैशाखांत व्हाळाची धार तुटते. ठिकठिकाणीं डोह उरतात व त्यांच्या कडेची वाळू दमट राहते. अशा वाळूवर फुलपाखरें दाटीवाटीनें, पंख मिटून, सोंड खालीं रोवून बसलेलीं दिसतात. बहाव्यावर वाढणारीं फिकट पिवळीं, लिंबावर वाढणारीं काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचीं, आणि काळ्या पंखांवर निळसर-हिरवा पट्टा असणारीं चपळ फुलपाखरें यांचा त्यांत भरणा असतो. तीं नुसतें पाणी पीत नाहींत. फुलांतील मधांत क्षार फार थोडे असतात. ती उणीव तीं चिखलांतून, गुरांच्या मुतानें भिजलेल्या जागेंतून व शेणांतून भरून काढतात. असे जमणारे बहुधा नर असतात, व कित्येक जातींत हा क्षार समागमाच्या वेळीं नराकडून मादीकडे जाऊन अंड्यांच्या उपयोगीं पडतो असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. गुरें पाण्यावर येण्याची जी जागा असेल ती प्रथम पाहावी. तेथें सहसा निराशा होत नाहीं.

याच वाळूवर नशीब असेल तर तळहाताहून रुंद असें काळें-निळें फुलपाखरू उतरतें. पुढच्या पंखांवर निळसर झांक, मागच्या पंखांचा बहुतेक भाग आकाशी निळा व त्यावर काळे ठिपके. हेंच आपल्या राज्याचें फुलपाखरू. २०१५ मध्यें महाराष्ट्रानें त्यास हा मान दिला, व राज्यासाठीं फुलपाखरू ठरविणारें हें देशांतील पहिलें राज्य होय. त्यास राणी पाकोळी म्हणतात. नीलवंत हें नांवही आतां रूढ होत आहे. त्याच्याविषयीं मला पुढें एक कबुली द्यावयाची आहे.

फुलांकडे कधीं न फिरकणारीं फुलपाखरेंही पुष्कळ आहेत, आणि वैशाख हाच त्यांच्या मेजवानीचा महिना. काजूचीं कुजलेलीं बोंडें, फुटलेला फणस, झाडाखालीं सडलेले आंबे यांचा आंबूस वास सुटला कीं तीं तेथें येतात. त्यांच्यांत पाहण्यासारखें म्हणजे सुक्या पानाचें सोंग घेणारें फुलपाखरू. पंख उघडले कीं गडद निळें, मिटले कीं हुबेहूब वाळलेलें पान. मधली शीर, देंठ, बुरशीचे डाग, सर्व कांहीं. ह्याच्या अळ्या कारवीच्या जातीच्या झुडपांवर वाढतात. दुसरें तपकिरी रंगाचें, संध्याकाळीं घराच्या पडवींत शिरणारें, तें तर सर्वांच्या ओळखीचें आहे. त्याची गंमत अशी कीं पावसाळ्यांत जन्मलेल्या पिढीच्या पंखांखालीं डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, व उन्हाळ्यांत जन्मलेल्या पिढीचे ते ठिपके पुसट होऊन पंख पाचोळ्याच्या रंगाचे होतात. जात एकच, पण हंगामाप्रमाणें अंगरखा निराळा. ह्याची अळी हिरवी, डोक्यावर दोन शिंगें असलेली, भाताच्या पानावर सांपडते. परंतु तिनें पीक बुडविल्याचें आमच्याकडे कधीं पाहण्यांत आलें नाहीं.

आतां झाडांकडे वळूं. रुईच्या पानाखालीं काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिचें फुलपाखरू नारिंगी. रुईच्या चिकांतील विष अंगीं मुरल्यामुळें पक्षी त्यास तोंड लावीत नाहींत, व म्हणून तें सावकाश, बिनधास्त उडतें. सापसंदेच्या वेलावर वाढणाऱ्या तांबड्या अंगाच्या काळ्या फुलपाखरांची गोष्ट तशीच. लबाडीची बाब पुढेंच आहे. लिंबावर वाढणाऱ्या एका निरुपद्रवी काळ्या फुलपाखराच्या माद्या ह्या विषारी जातींचा वेष घेऊन हिंडतात व पक्ष्यांस फसवितात. नर मात्र आपल्या मूळ वेषांतच असतो. सीताफळाच्या पानावर हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराची अळी असते. आंब्याच्या पानावर तर अशी एक अळी असते कीं ती डोळ्यांसमोर असून दिसत नाहीं. अंगाच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कांटे पसरून ती पानाच्या मधल्या शिरेवर बरोबर लांबट निजते, व तिच्या पाठीवरील फिकट रेघ त्या शिरेशीं जुळून जाते. कलमाची पाहणी करतांना मुलांस ती शोधावयास सांगावें.

कबुली ती अशी. माझ्या परड्यांत पपनसाचें एक झाड आहे. एका वर्षीं त्यावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसल्या. त्यांस काडी लावली तर डोक्यामागून तांबूस दुभागलेलें शिंग बाहेर काढीत व उग्र वास सोडीत. मला वाटलें, ही कांहीं भयंकर कीड आहे. मीं एकेक वेंचून दगडाखालीं चिरडली. मोजल्या नाहींत, पण पंधराच्या खालीं नसाव्या. त्यानंतर दोन वर्षांनीं एका माहीतगारानें तशीच अळी दाखवून ती राणी पाकोळीची असल्याचें सांगितलें, तेव्हां मी गप्प राहिलों. पपनसाचें झाड तीस वर्षांचें होतें. पंधरा अळ्यांनीं त्याचें कांहीं बिघडलें नसतें.

येथें शेतकऱ्यानें तारतम्य ठेवावें, एवढाच माझा आग्रह आहे. फुलपाखराची अळी निरपराधी असते असें मी म्हणत नाहीं. लिंबाच्या रोपवाटिकेंत लहान रोपांवर ती पडली तर चार दिवसांत रोपें निष्पर्ण करते. कोवळेपणीं ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, त्यामुळें नजरेंतून सुटते. पुढें हिरवी होते. रोपवाटिकेंत ती रोज सकाळीं हातानें वेंचावी. मोठ्या झाडावर मात्र तिच्यासाठीं फवारणी करण्यांत पैशाचा व औषधाचा नाश आहे. तूर, वाल व चवळी यांच्या कळ्यांवर निळसर रंगाचें एक लहान फुलपाखरू अंडीं घालतें व त्याची अळी शेंग पोखरते. तें खरोखर पिकाचें शत्रु. घाटावरील बंधूंस डाळिंबाचें फुलपाखरू ठाऊक असेलच. मादी फुलाच्या मुगुटावर व लहान फळावर एकेक अंडें घालते, अळी आंत शिरून दाणे खाते, आणि मग फळ सडतें. त्यावर फळें लहान असतांनाच पिशवी बांधणें व किडलेलीं फळें गोळा करून खोल पुरणें हा जुना उपाय अजून चांगला आहे. म्हणजे शेंकडों जातींत शेतकऱ्यास खरा त्रास देणाऱ्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. त्या ओळखून घेतल्या कीं बाकीच्यांस अभय देण्यास हरकत राहत नाहीं.

अकराच्या सुमारास ऊन चढलें कीं फुलपाखरें सांवली धरतात. तेव्हां डोहाकडे यावें, कारण चतुराचा बाजार त्याच वेळीं भरतो. पाण्याच्या कडेला पाठीवर ऊन घेऊन बसावें व अर्धा तास हलूं नये.

चतुर आणि टाचणी यांतील भेद सोपा आहे. बसतांना ज्याचे चारही पंख आडवे पसरलेले राहतात, ज्याचें अंग जाड व डोळे मोठे, बहुधा एकमेकांस भिडलेले असतात, तो चतुर. जी सुईसारखी बारीक असून बहुधा पंख पाठीवर मिटून बसते व जिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांस असतात, ती टाचणी. दोघांनाही नांगी नाहीं. तीं चावून माणसास इजा करीत नाहींत. मुलें चतुराच्या शेपटीस दोरा बांधून उडवितात, तो खेळ वडील मंडळींनीं बंद करावा.

डोहाच्या मध्यें उभ्या असलेल्या काडीवर गुलाबी-किरमिजी रंगाचा एक चतुर बसतो, उडून भक्ष्य पकडतो व पुन्हां त्याच काडीवर येतो. ती त्याची हद्द. दुसरा नर आला तर त्यास तो हांकून लावतो. हद्दीच्या तक्रारींत माझी नोकरी गेली, पण इतक्या थोडक्यांत निकालीं निघालेली तक्रार मीं पाहिली नाहीं. ऊन माथ्यावर आलें कीं हाच चतुर शेपटी सरळ सूर्याकडे रोंखून जणूं शीर्षासन करतो. त्या आसनांत अंगावर ऊन कमींत कमी पडतें, म्हणून तो तसें करतो. काळ्या खडकावर खडकाच्याच रंगाचा एक करडा चतुर बसलेला असतो. तो हलेपर्यंत दिसत नाहीं. आणि जेथें पाणी अजून झुळझुळत असेल तेथें सांवलींत अशी एक टाचणी आढळते कीं तिच्या नराचे मागचे पंख उडतांना हिरव्या धातूसारखे चमकतात. ही वाहत्या, स्वच्छ पाण्यावरच राहते. उलट गटारासारख्या घाण पाण्यावर पिंवळसर-नारिंगी पंखांचा एक लहान चतुर फार होतो. विहिरीशेजारच्या ओहोळावर हिरवी टाचणी नाहींशी होऊन तो नारिंगी चतुर वाढूं लागला, तर वर कोणीतरी पाणी बिघडवीत आहे असा संशय घेण्यास जागा आहे.

चतुराचें बाळपण ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांनीं एकदां डोहाच्या तळचा गाळ पांढऱ्या ताटांत काढून पाहावा. मळकट रंगाचा, सहा पायांचा, मोठ्या डोळ्यांचा एक कुरूप किडा त्यांत सांपडतो. तोच चतुराचा बाळ. त्याचा खालचा ओंठ लांब असून दुमडलेला असतो. भक्ष्य जवळ येतांच तो ओंठ पुढें फेंकून त्यास पकडतो. डांसांच्या अळ्या, लहान किडे, बेडकांचीं पिलें, कांहींही त्यास चालतें. श्वास तो शेपटीकडील भागानें पाणी आंत घेऊन करतो, व धोका वाटला तर तेंच पाणी जोरानें मागें सोडून पुढें सुटतो. असे कांहीं आठवडे, कित्येक जातींत कित्येक महिने, व थंड प्रदेशांत तर वर्षेंही जातात. दहा-बारा वेळां कात टाकल्यावर एका रात्रीं किंवा पहाटे तो गवताच्या काडीवर अथवा दगडावर चढतो, त्याची पाठ उकलते आणि चतुर बाहेर येतो. रिकामी कात तेथेंच चिकटून राहते. ह्या काती शोधणें हा चतुर शोधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. कारण उडणारा चतुर कोठूनही आलेला असूं शकतो, कात मात्र त्याच डोहांत वाढलेल्या चतुराची असते.

कोठूनही आलेला असूं शकतो, हें मी अतिशयोक्तीनें लिहिलें नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं मोकळ्या माळावर सोनेरी-पिंवळसर रंगाच्या चतुरांचे थवे न बसतां घिरट्या घालीत असतात. मालदीव बेटांत राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्लस अँडरसन यांच्या ध्यानांत आलें कीं त्या बेटांवर गोडें पाणी उघड्यावर जवळजवळ नसतांही दरवर्षी ऑक्टोबराच्या सुमारास हे चतुर मोठ्या संख्येनें येतात. २००९ मध्यें त्यांनीं असें अनुमान प्रसिद्ध केलें कीं हे चतुर हिंदुस्थानांतून निघून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडीत पूर्व आफ्रिकेस जातात, व त्यांची पुढील संतति नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर इकडे परत येते. हें येणें-जाणें १४,००० ते १८,००० किलोमीटरांचें असून चार पिढ्यांत मिळून पुरें होतें. आमच्याकडील वृद्ध शेतकरी चतुर खालीं उडूं लागले कीं पाऊस जवळ आला असें म्हणतात. पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांशीं ह्या चतुरांचा असा संबंध असल्यामुळें त्या म्हणण्यास थोडा आधार आहे. मात्र तेवढ्यावर विसंबून तरवा पेरूं नये. वेधशाळेचें भाकीत ऐकावें.

माझ्यासमवेत एकदां एक बागायतदार स्नेही आले होते. डोहावर तासभर बसल्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, पाखरें सुंदर आहेत हें खरें, पण माझ्या सात-बाराला त्यांचा उपयोग काय?" प्रश्न वाजवी होता व त्याचें उत्तर सात-बारावरच आहे.

भाताचें पीक गुडघ्याएवढें झालें कीं टाचण्या चुडांच्या मधून बुंध्यालगत उडूं लागतात व तुडतुडे टिपतात. चतुर वरून घिरट्या घालून खोडकिड्याचे व पानें गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग पकडतात. काळ्या-पांढऱ्या पंखांचा एक चतुर तर खाचरांतच घर करून राहतो. हे एकटे कीड निवारतात असें कोणी समजूं नये. खाचरांत कोळ्यांचें काम त्यांच्यापेक्षां मोठें आहे. शिवाय चतुर शत्रु-मित्र पाहात नाहीं, मधमाशीही खातो. परंतु ही सगळी राखणदारांची फळी मारली गेली म्हणजे काय होतें तें आग्नेय आशियांत दिसलें. तेथें औषधें जास्त मारल्यानंतर तपकिरी तुडतुडे कमी होण्याऐवजीं वाढले, व अखेर १९८६ मध्यें इंडोनेशियाच्या सरकारनें भातासाठीं ५७ कीटकनाशकांस मनाई केली. जपानांत भातखाचरांत वाढणारा तांबडा चतुर १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून झपाट्यानें कमी झाला. रोपांच्या पेट्यांत घालण्यांत येणाऱ्या फिप्रोनिलासारख्या औषधांशीं तेथील संशोधकांनीं त्याचा संबंध जोडला आहे. हें औषध आपल्याकडेही खोडकिड्यासाठीं वापरण्यांत आलेलें आहे.

खाचर दिवाळीनंतर कोरडें पडतें. मग पुढील आषाढांत त्यावर उडणारा चतुर आठ महिने कोठें असतो? समुद्रापलीकडून येणारे थोडे सोडले तर बाकीचे व्हाळाच्या डोहांत, झऱ्यांत व तळ्यांत पाण्याखालीं असतात, किंवा लगतच्या झाडींत दिवस काढतात. सात-बाराच्या उताऱ्यावर ही जागा पोटखराबा म्हणून लिहिलेली असते. ओहोळ, दरड, खडक, झुडुपें, ज्यावर आकार बसत नाहीं तें सर्व पोटखराबा. तीसहून अधिक वर्षें मीं हा शब्द हजारों उताऱ्यांत लिहिला, आणि त्या जागेंत काय असतें हें पाहण्यास कधीं वांकलों नाहीं. सापसंद, माकडलिंबू, कारवी, बहावा हीं झाडेंझुडुपें आणि तो डोह त्याच चार-पांच गुंठ्यांत असतात.

अलीकडे काजूची लागवड वाढविण्यासाठीं हा तुकडा यंत्रानें साफ करण्याची घाई दिसते. लागवडीस अयोग्य म्हणून लिहिलेली जागा लागवडीखालीं आणून तशी नोंद करून घेतां येते, त्यामुळें मोहही वाढला आहे. सपाट भरडाचा खराबा सुधारावा, त्यास माझी ना नाहीं. उत्पन्न सर्वांस हवें. परंतु व्हाळाच्या दोन्ही कांठांची दहा-बारा हात रुंदीची झाडी तशीच ठेवावी. तेथील काजू फारसा धरतही नाहीं, व पुरांत कांठ खचला कीं खालचें खाचर वाळूखालीं जातें तें वेगळेंच. बांध जाळावयाचाच तर एका वर्षीं एक बाजू जाळावी, दोन्ही नव्हे. पंप व औषधाचीं भांडीं व्हाळांत धुवूं नयेत. आणि सर्वांत वाईट प्रघात म्हणजे उन्हाळ्यांत डोहांत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणें. दोन शेर माशांसाठीं त्या डोहांतलें सर्व कांहीं मरतें, खालचीं गुरें तेंच पाणी पितात, आणि जो हें करतो तो बहुधा रात्रीं करतो, म्हणून सांपडत नाहीं. याचा बंदोबस्त गांवकऱ्यांनीं बैठकींत बसून करावयास हवा. एकट्यानें होणारा नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं त्या दिवशीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. मात्र पाऊस सरल्यावर त्यांनीं आपल्या हद्दींतील व्हाळावर गड्यांकडून दगड-मातीचा कच्चा बंधारा घालून घेतला. यंदा अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यांत मी तिकडून गेलों, तेव्हां इतर वर्षीं कोरड्या पडणाऱ्या त्या जागीं गुडघाभर पाणी होतें, आणि कडेच्या एका काळ्या दगडावर चतुराच्या सात काती चिकटलेल्या होत्या.